टुटाशी पहिली गाठ: टोमॅटो लावणाऱ्या नवख्यांसाठी

टोमॅटोच्या झाडाचं एखादं डागाळलेलं पान तोडा आणि उजेडासमोर धरा. पानावर वाळक्या कागदासारखा तपकिरी चट्टा दिसेल. त्या चट्ट्याची कड बघा, वाळलेला भाग संपून हिरवा सुरू होतो तिथली. मधला गर खाल्ला गेलाय, वरचा आणि खालचा असे दोन पापुद्रे तेवढे उरलेत, आणि त्यांच्या मधोमध हिरवट, तांदळाच्या दाण्याहून बारीक अळी डोकं डावीउजवीकडे फिरवत पुढे सरकतेय. मागे एका कोपऱ्यात काळ्या विष्ठेचा ढीग. एवढं दिसलं की समजा, टुटा आलीय, म्हणजे टोमॅटोची पानं आणि फळं आतून पोखरणाऱ्या एका छोट्या पतंगाची अळी.

बहुतेकांची या किडीशी ओळख औषध मारून झाल्यावर होते. फवारणी घेतली, दोन दिवस बरं वाटलं, आठवड्याने पुन्हा चट्टे. मग औषध बदललं, मात्रा वाढवली, तरी तेच. यात औषधाचा दोष थोडा आणि वेळेचा जास्त असतो. ही अळी आयुष्याचा बराचसा काळ पानाच्या किंवा फळाच्या आत काढते, आणि औषध पडतं बाहेर. म्हणून टुटाच्या बाबतीत नवख्याने ‘काय मारू?’ हे नंतर विचारावं. आधी विचारावं, ‘ही बाहेर केव्हा असते?’ पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नातून निघतात.

पाहुणी कुठून आली

शास्त्रीय नाव टुटा अ‍ॅब्सोलुटा. एडवर्ड मेरिक या कीटक अभ्यासकाने १९१७ मध्ये पेरू देशातल्या पतंगांवरून तिचं पहिलं वर्णन केलं. त्यानंतर नाव बरेचदा बदललं. २०२१ मध्ये तिला फ्थोरिमिया या प्रजातीत हलवलं गेलं, त्यामुळे नव्या लेखनात फ्थोरिमिया अ‍ॅब्सोलुटा असं वाचलंत तर ती वेगळी कीड नव्हे, हीच. अ‍ॅन्डीज पर्वताच्या पट्ट्यातून ती आधी दक्षिण अमेरिकाभर पसरली. २००६ मध्ये स्पेनमध्ये सापडली आणि तिथून पुढे तिने जो वेग घेतला त्याला तोड नाही. भूमध्य समुद्राचा काठ, आफ्रिका, पश्चिम आशिया, २०१४ मध्ये भारत (पहिली नोंद पुणे परिसरातली), २०१६ मध्ये नेपाळ आणि बांगलादेश, २०१७ मध्ये चीन. नायजेरियात २०१६ साली कडुना राज्याने टोमॅटोसाठी आणीबाणी जाहीर केली, आणि लोकांनी या किडीला ‘टोमॅटोचा इबोला’ असं नाव ठेवलं.

एवढा पल्ला तिने पंखांच्या जोरावर गाठलेला नाही. रोपांचे ट्रे, फळांचे क्रेट, पॅकिंगचा माल, गाड्या, हे तिचे खरे पंख. लागवडीआधीच्या पायरीवर याचा उपयोग होईल.

पायरी १: ही टुटाच आहे ना?

घाईने औषध आणायच्या आधी ओळख पक्की करा. टोमॅटोवर टुटासारखीच वाटणारी निदान दोन दुखणी असतात आणि दोघांचा इलाज वेगळा आहे.

पहिली, नेहमीची नागअळी. ती माशीची अळी, पतंगाची नव्हे. तिची वाट अरुंद, नागमोडी, पांढुरकी असते. पानावर कुणीतरी पेन्सिलीने गिरगटल्यासारखी. अळी पुढे जाते तशी रेघ थोडी रुंदावते, पण शेवटपर्यंत रेघच राहते. टुटाची सुरुवातही कधी कधी बारीक रेघेनेच होते, पण दोन-तीन दिवसांत तिचा पसरट चट्टा होतो. शंका आली तर नखाने पापुद्रा उचला आणि भिंगाखाली बघा. नागअळीला पाय नसतात, डोकं वेगळं दिसत नाही, नुसतं पिवळसर टोक. टुटाला स्पष्ट तपकिरी डोकं आणि पाय असतात, आणि डोक्याच्या लगेच मागे एक बारीक काळी पट्टी. ही पट्टी लक्षात ठेवा, कारण टुटाचा रंग मात्र फसवतो. लहानपणी मलईसारखी, मग हिरवी, मोठी झाल्यावर पाठीवर गुलाबी झाक. पूर्ण वाढलेली अळी जेमतेम ७-८ मिलिमीटर भरते.

दुसरी, फळ पोखरणारी मोठी अळी, हरभऱ्यावर जिला घाटेअळी म्हणतात ती. तिने पाडलेलं भोक गोल आणि ठळक असतं आणि अळी पुष्कळदा अर्धी आत, अर्धी बाहेर सापडते. टुटाचं भोक टाचणीच्या टोकाएवढं. बहुतेक वेळा देठाकडच्या हिरव्या टोपीच्या आडोशाला. टोपीची पात उचलून बघितल्याशिवाय ते दिसतच नाही. फळ वरून ठणठणीत, हातात घेतलं की टोपीखाली भुश्यासारखी विष्ठा, आणि चार दिवसांनी त्याच भोकातून कूज आत शिरलेली. म्हणून तोडलेला माल निवडताना फळ फिरवून टोपीखाली बघायची सवय लावा. पानांवर नजर चुकली तरी इथे ती सापडते.

शेंड्यावरही लक्ष असू द्या. कोवळा शेंडा पोखरला की पानं एकमेकांना चिकटल्यासारखी गुंडाळतात आणि झाडाची वाढ तिथेच अडते. नवखा माणूस याला विषाणूचा रोग समजतो. गुंडाळी उलगडून बघा, आत अळी किंवा विष्ठा मिळते.

बटाटा आणि वांगं यांच्यावरही टुटा राहते. ढोबळी मिरचीवर तिची नोंद आहे, पण तिथे तिचं फारसं जमत नाही. धोत्रा आणि कामोणी ही तणं तिचे हक्काचे आसरे.

पायरी २: तिचं वेळापत्रक समजून घ्या

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण पुढचं सगळं यावर उभं आहे, तेव्हा इथे थोडा वेळ द्या.

पतंग राखाडी, चंदेरी झाक असलेला, पंखांवर काळे ठिपके, लांबी ५ ते ७ मिलिमीटर. दिवसा तो पानांच्या आडोशाला गप्प बसून राहतो. झाड हलवलं तर एखादा भुर्रकन उडून पुन्हा खाली बसतो. त्याची खरी धावपळ संध्याकाळनंतर आणि पहाटे. मादी एकेक अंडं सुटं घालते, बहुतेक पानांवर, थोडी देठांवर आणि खोडावर, आणि अगदी मोजकी हिरव्या फळाच्या टोपीवर. आयुष्यभरात एक मादी २६० पर्यंत अंडी घालू शकते. अंडं मलईच्या रंगाचं, लांबट, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. पानाच्या खालच्या बाजूला भिंग लावून शोधावं लागतं.

अंडं फुटलं की बारकी अळी साधारण तास-दीड तास पानावर फिरते आणि मग आत घुसते. बाहेर सापडण्याची ही पहिली संधी. आत ती चार अवस्था पार करते. मधेच एखादी अळी जुना चट्टा सोडून बाहेर येते, फिरते आणि नव्या जागी पुन्हा आत शिरते, विशेषतः मोठी झाल्यावर. ही दुसरी संधी. नागअळी असं करत नाही, म्हणून एका टुटा-अळीमागे दोन-तीन चट्टे सापडतात. पूर्ण वाढ झाली की ती बहुधा धाग्याने लोंबकळत खाली येते आणि मातीत कोष करते. काही जणी पानाच्या घडीत, चट्ट्यात किंवा फळाच्या टोपीतच कोष करतात. कोषातून पतंग, आणि पुन्हा पहिल्यापासून.

या फेऱ्याला किती दिवस लागतात? ते तापमान ठरवतं. सरासरी १४ अंश सेल्सिअसला सुमारे ७६ दिवस, २० अंशाच्या आसपास ४० दिवस, २७ अंशाला जेमतेम २४. तेव्हा गरम हवेत एका पिकाच्या हयातीत चार-पाच पिढ्या सहज होतात, आणि वर्षभर पीक मिळत राहिलं तर दहा-बारा. खायला मिळतंय तोवर ती सुप्तावस्थेतही जात नाही. थंडीत शांत वाटणारं शेत रिकामं नसतं, त्याचा वेग कमी झालेला असतो.

सुरुवातीला सगळे पतंग साधारण एकाच वेळी निघतात, म्हणून पहिल्या एक-दोन पिढ्या लाटेसारख्या येतात आणि त्यांचा अंदाज बांधता येतो. नंतर पिढ्या एकमेकींत मिसळतात. मग एकाच झाडावर अंडं, लहान अळी, मोठी अळी आणि कोष सगळंच सापडतं आणि कुठलीही एक फवारणी पुरी पडत नाही. तुमचा डाव पहिल्या दोन लाटांतच खेळायचा असतो.

पायरी ३: लागवडीच्या आधी

रोपं. बियाण्यातून टुटा येत नाही, रोपांतून येते. ट्रे उतरवण्याआधी रोपवाटिकेतच पानं उजेडासमोर धरून बघा. प्रत्येक ट्रेतली पाच-सहा रोपं, खालची पानंसुद्धा. एका रोपावर चट्टा दिसला तर तो ट्रे घेऊ नका. ‘एकच तर पान आहे, तोडून टाकू’ असं कुणी म्हणेल. ते एक पान डोळ्यांना दिसलं, बाकीच्या रोपांवरची अंडी दिसलेली नाहीत. रोपं आल्यावर शक्य असेल तर तीन-चार दिवस जाळीखाली वेगळी ठेवा आणि पुन्हा बघा. तोवर नव्याने फुटलेली अंडी चट्ट्याच्या रूपाने स्वतःच बोलतात.

शेत. आधी टोमॅटो, बटाटा किंवा वांगं असेल तर त्याच जागी लगेच टोमॅटो नको. मधे दुसऱ्या कुळातलं पीक घ्या किंवा निदान सहा आठवडे रान मोकळं ठेवून खोल नांगरट करा. उन्हाळा कडक असेल आणि जमीन मोकळी असेल तर ओल्या रानावर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीने बुजवून चार ते सहा आठवडे तापू द्या. मातीतले कोष त्यात मरतात. ढगाळ दिवसांत हा खटाटोप करू नका, प्लास्टिक वाया जातं.

बांध. धोत्रा आणि कामोणी काढून टाका, शेताच्या कडेची आणि शेजारच्या पडीक तुकड्यातलीही. कुठे तरी आपोआप उगवलेलं टोमॅटोचं एकुलतं झाड असतं, उकिरड्याशेजारी नाहीतर पाण्याच्या पाटाला. त्याच्याकडे कुणीच बघत नाही. मला विचाराल तर पहिली शोधाशोध तिथेच करावी.

क्रेट आणि गाडी. दुसरीकडून आलेले रिकामे क्रेट धुऊन, उन्हात वाळवूनच शेतात न्या. क्रेटच्या जाळीत अडकलेली वाळकी पानं आणि टोप्या यांत कोष असतात.

पायरी ४: सापळा, म्हणजे तुमचं कॅलेंडर

कामगंध सापळ्यात मादीच्या गंधाची नक्कल करणारी गोळी किंवा नळी असते, तिला ल्युर म्हणतात. नर त्या वासावर येतो आणि चिकट तळावर किंवा पाण्यात अडकतो. ल्युर टुटाचीच आहे ना, हे पाकिटावर वाचून घ्या. घाटेअळीच्या ल्युरला टुटा ढुंकूनही बघत नाही, आणि रिकामा सापळा बघून ‘आपल्याकडे कीड नाही’ असा समज होतो.

सापळा लागवडीच्या दिवशीच लावा, चट्टे दिसल्यावर नव्हे. नुसत्या टेहळणीसाठी उघड्या शेतात हेक्टरी दोन ते चार पुरतात. एक वाऱ्याच्या दिशेच्या कडेला, एक मधे, एक जुन्या पिकाच्या किंवा पॅकिंगच्या जागेजवळ.

उंची चुकते. माझीही चुकली होती. पहिल्या वर्षी मी सापळे डोक्याच्या उंचीवर टांगले, दुरून दिसावेत आणि वाकावं लागू नये म्हणून. तीन आठवडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पतंग, आणि खाली पानांवर चट्ट्यांची रांग. टुटा खालून उडते. रोपं लहान असताना सापळा जमिनीपासून वीत-दीड वीत उंच ठेवा आणि झाडं वाढतील तसा वर सरकवा, पण झाडांच्या शेंड्यांच्या वर नेऊ नका. मी ते सापळे खाली उतरवले त्या आठवड्यात चिकट तळ राखाडी झाला.

पाण्याचा सापळा त्याहून सोपा आणि धुळीच्या शेतात जास्त टिकाऊ. पसरट घमेलं किंवा टब, त्यात पाणी, पाण्यात साबणाचे किंवा खाद्यतेलाचे थोडे थेंब आणि पाण्याच्या वर तारेने टांगलेली ल्युर. ल्युर पाण्याला लागू देऊ नका. पाणी आटलं की सापळा संपला, तेव्हा उन्हाळ्यात एक दिवसाआड भर घाला.

ल्युर हाताळताना हातमोजे घाला. हाताला औषधाचा किंवा तंबाखूचा वास असेल तर तो तिला लागतो, आणि तिचा वास तुमच्या कपड्यांना. न उघडलेली पाकिटं थंडीत ठेवा. चार ते सहा आठवड्यांनी ल्युर बदला, कडक उन्हात लवकर. जुनी ल्युर शेतात फेकू नका, ती तिथे पडूनही नरांना बोलावत राहते आणि तुमचा हिशोब बिघडवते.

ठरावीक वारी पतंग मोजा आणि वहीत लिहा. किती पतंग म्हणजे धोका, याचा एकच आकडा सगळीकडे चालत नाही. बघायचा तो चढ. मागच्या आठवड्यात ४, या आठवड्यात ९, पुढच्या आठवड्यात ३०, असा चढ लागला की लाट निघाली. उबदार हवेत अंडी चार-पाच दिवसांत फुटतात, म्हणजे चढ दिसल्यापासून आठवडाभरात बारक्या अळ्या पानांवर फिरायला लागतात. त्या तास-दीड तासाच्या संधीची तारीख तुम्हाला वही सांगते.

नर पकडूनच कीड संपवता येईल का, असं विचारलं जातं. त्यासाठी सापळे पुष्कळ लागतात, उघड्या शेतात हेक्टरी ४० ते ५०, पॉलिहाऊसमध्ये २० ते २५. कीड कमी असताना त्याने दाब राहतो. पण एक नर अनेक माद्यांशी जुळतो, बाहेरून आलेल्या माद्यांचं मीलन आधीच झालेलं असतं, आणि प्रयोगशाळेत तर काही माद्यांनी नराशिवायही पिल्लं दिल्याची नोंद आहे. म्हणून उघड्या शेतात या उपायावर एकट्यावर विसंबू नका.

पायरी ५: आठवड्यातून दोन फेऱ्या

सापळा पतंग सांगतो, पानं अळी सांगतात. आठवड्यातून दोनदा शेतात नागमोडी चालत जा, कडेची झाडं आणि मधली झाडं मिळून वीस-पंचवीस झाडं बघा. प्रत्येकाचं वरचं, मधलं, खालचं एकेक पान, शेंडा आणि एखादं हिरवं फळ टोपीसकट. वेळ सकाळची बरी, ऊन तिरपं असतं आणि पानातली अळी उजेडात चटकन दिसते.

चट्टा मोजताना तो चालू आहे की जुना, हे वेगळं लिहा. चट्ट्यात अळी हलतेय, कड ओली-हिरवी आहे, तो चालू. आत नुसती वाळकी विष्ठा, तो रिकामा. नवखे सगळेच चट्टे मोजतात आणि औषधाचा परिणाम झाला तरी त्यांना तो दिसत नाही, कारण मेलेल्या अळीचा चट्टा पानावरून पुसला जात नाही.

फेरीला जाताना कमरेला पिशवी बांधा. चालू चट्ट्यांची पानं, पोखरलेले शेंडे आणि भोक पडलेली फळं तोडून पिशवीत. सुरुवातीच्या आठवड्यांत हे काम कुठल्याही औषधापेक्षा जास्त फळ देतं, कारण पानाबरोबर आतली अळीही शेताबाहेर जाते. खालची पिवळी पानं आणि बगलफूट काढता तीही सरीत टाकू नका. तोडलेलं पान वाळायला लागलं की अळी त्यातून निघून शेजारच्या झाडावर चढते. पिशवी प्लास्टिकची, तोंड घट्ट बांधून, दोन-तीन आठवडे भर उन्हात. उघडा ढीग बांधावर लावलात तर किडीचं घर बांधावर हलवल्यासारखंच आहे.

पायरी ६: मित्रकीटकांना जागा

टोमॅटोवर हिरवट, सडपातळ, लांब पायांचा ढेकणासारखा एक कीटक पळताना दिसला तर त्याला लगेच मारू नका. नेसिडिओकोरिस नावाचा हा ढेकूण टुटाची अंडी आणि बारक्या अळ्या शोषतो. स्पेनमधल्या शेतकऱ्यांनी टुटाला आवर घातला त्यात याचा आणि मॅक्रोलोफस या त्याच्या भावबंदाचा वाटा मोठा. पण हा मित्र थोडा लबाड आहे. भक्ष्य संपलं की तो झाडाचाच रस पितो, कोवळ्या देठांभोवती तपकिरी कडी दिसायला लागतात आणि फुलं गळतात. कडी वाढली तर त्याची संख्या बघा, एरवी राहू द्या.

ट्रायकोग्रामा ही इवलीशी गांधीलमाशी टुटाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. तिची कार्डं मिळतात. सापळ्यात चढ दिसला की लावा, सावलीच्या बाजूला, पानाखाली, संध्याकाळी. कार्ड लावायच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांत कडक औषध मारलंत तर कार्डाचे पैसे पाण्यात.

पायरी ७: औषध, आणि तेही रांगेने

इथवरचं सगळं करूनही चालू चट्टे वाढतच असतील तेव्हा फवारणी. सुरुवात सौम्य औषधांपासून. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जिवाणूजन्य औषध अळीने खाल्लं तरच चालतं आणि बारक्या अळीवरच नीट चालतं. उन्हात ते लवकर निकामी होतं, म्हणून संध्याकाळी मारा आणि अंडी फुटण्याच्या दिवसांत पाच-सात दिवसांच्या अंतराने पुन्हा. निंबोळीवर आधारित अ‍ॅझाडिरॅक्टिनही याच टप्प्यावर.

लाट मोठी असेल तर रासायनिक. टुटावर वापरात असलेली औषधं मुख्यतः या गटांतली: क्लोरअँट्रानिलिप्रोल आणि त्याची भावंडं (गट २८), स्पिनोसॅड (गट ५), इमामेक्टिन बेन्झोएट (गट ६), इंडोक्साकार्ब (गट २२). एका गटातली औषधं अळीला एकाच पद्धतीने मारतात. पुष्कळ बाटल्यांवर हा गट क्रमांक छापलेला असतो, तो शोधा. व्यापारी नावं वेगळी आणि गट एकच, असं सर्रास असतं. नवख्याला वाटतं आपण औषध बदललं, अळीच्या दृष्टीने मात्र तेच पुन्हा आलेलं असतं.

गट बदलायचा तो दर फवारणीला नव्हे, दर पिढीला. एका पिढीच्या काळात, गरम हवेत साधारण महिनाभर, गरज पडली तर एकाच गटातलं औषध लेबलावर जितक्या वेळा सांगितलंय तितक्याच वेळा. पुढच्या पिढीला तो गट बंद, दुसरा सुरू. पहिल्या पिढीतून वाचलेल्या अळ्यांच्या पोरांना पुन्हा तेच औषध मिळालं तर त्यांची सवय पक्की होते. २०१५ मध्ये इटलीतल्या सिसिलीमधून डायअमाइड गटाला, म्हणजे गट २८ ला, दाद न देणाऱ्या टुटाची नोंद झाली. हा गट तेव्हा बाजारात येऊन फार वर्षं झाली नव्हती. पायरेथ्रॉइड (सायपरमेथ्रिनसारख्या) औषधांना तर ही कीड कधीच जुमानेनाशी झालीय. ती औषधं फवारलीत की ढेकूण आणि गांधीलमाश्या मरतात आणि टुटाला रान मोकळं मिळतं.

मात्रा, पाणी आणि तोडणीआधी थांबायचे दिवस लेबलावर असतील ते पाळा. आपल्या भागात टोमॅटोसाठी जे औषध मंजूर आहे तेच घ्या. मात्रा दुप्पट केली म्हणून औषध दुप्पट आत शिरत नाही. त्यापेक्षा नोझल बारीक फवाऱ्याचा लावा, पानाच्या खालची बाजू आणि झाडाचा आतला भाग भिजतोय का ते बघा. फवारणी झाल्यावर दहा पानं उलटून बघा. खालची बाजू कोरडी असेल तर पैसे वरच्या बाजूवर गेले. फुलोऱ्यात मधमाश्या येत असतात, तेव्हा स्पिनोसॅड आणि इमामेक्टिन दिवसा नकोच, त्या परतल्यावर संध्याकाळी. हातमोजे आणि तोंडावर मास्क हवाच.

तीन ते पाच दिवसांनी पुन्हा पानं उजेडासमोर धरा आणि जिवंत अळ्या मोजा. शंभरातल्या वीस-तीस जिवंत असतील आणि फवारणी नीट भिजवून झाली असेल, तर त्या हंगामात तो गट पुन्हा वापरू नका.

शेडनेट किंवा पॉलिहाऊस असेल तर

जाळी दाट हवी, एका चौरस सेंटिमीटरला निदान ९ × ६ धाग्यांची. दरवाजे दोन, मधे छोटी खोली, आणि एक लागल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. जाळी कुठे फाटलीय ते दर आठवड्याला बघा, विशेषतः जमिनीशी जिथे ती मातीत पुरलेली असते. आत एकदा घुसली की तिला ऊन, वारा आणि पाऊस कशाचाच त्रास नाही. उघड्या शेतात जोराचा पाऊस तिला बरंच धुऊन काढतो, इथे ती सोय नाही.

पायरी ८: शेवटचा तोडा झाल्यावर

सर्वांत जास्त चुकणारी पायरी ही. भाव पडला, माल संपला, माणसं दमली, आणि पीक तसंच उभं वाळत राहतं. टुटासाठी ते महिनाभराचं जेवण. तिथून निघालेले पतंग शेजारच्या नव्या लागवडीवर जातात, आणि ती लागवड पुष्कळदा आपलीच असते.

शेवटच्या तोड्यानंतर आठवड्याच्या आत झाडं मुळासकट उपटा. फळं, पडलेली सडकीसुद्धा, गोळा करा. ढीग लावायचा तर जाड प्लास्टिकखाली, कडा मातीने दाबून, काही आठवडे. नाहीतर खड्ड्यात टाकून वर पुरेशी माती. काठ्या, सुतळ्या, तारा पुढच्या हंगामासाठी ठेवणार असाल तर त्यांच्या खाचांत कोष असतात, उन्हात तापवून मग उचला. मग नांगरट, आणि पाणी देऊन उगवलेली टोमॅटोची रोपटीही काढून टाका.

सापळे मात्र लगेच उतरवू नका. रिकाम्या रानात एक-दोन तसेच राहू द्या, नवी ल्युर घालून. पहिल्या आठवड्यात भरपूर पतंग येतील, मातीतल्या कोषांतून निघणारे. मग कमी. वहीत आकडा लिहीत राहा. सलग दोन आठवडे सापळा जवळजवळ रिकामा मिळाला की पुढच्या रोपांची तारीख धरा, आणि ट्रे आले की पहिलं पान पुन्हा उजेडासमोर.